कोयता निघण्याआधी : ऊसतोड वस्तीतल्या किशोरवयीन मुलामुलींसोबत आरोग्याचं काम सुरू करताना

बीड, परभणी, जालना किंवा पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यात मुलामुलींसोबत काम करायला नवं कुणी आलं, की मी त्यांना आधी एक चौकशी करायला लावते. या वस्तीतून उसाच्या तोडीला पहिला ट्रक कधी निघतो? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ झाली की टोळी ठरवणाऱ्या मुकादमाचा फोन येतो आणि दोन-तीन आठवड्यांत निम्मं गाव रिकामं होतं. माणसं परततात ती चैत्र-वैशाखात. म्हणजे मुली, मुलं, आया, बाप सगळे एका जागी भेटतील असे जूनपासून जेमतेम चार-साडेचार महिने तुमच्या हातात असतात. त्यातला बराचसा काळ चातुर्मासाचा, लग्नाचे मुहूर्त नसलेला. कोवळ्या वयातली बाळंतपणं टाळायचं बहुतेक काम याच दिवसांत करावं लागतं.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. तुम्ही आशाताई असाल, अंगणवाडीताई असाल, शाळेत नुकत्याच लागलेल्या बाई किंवा सर असाल, नाहीतर एखाद्या संस्थेतर्फे वस्तीवर पाठवलेला विशीतला कार्यकर्ता.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

शहरातून आलेल्या कार्यकर्त्याच्या मनात बहुधा शाळेतलं प्रेम आणि त्यातून राहिलेले दिवस असं चित्र असतं. तसंही घडतं. पण आपल्या भागात बहुतेक मुलींना दिवस जातात ते लग्नानंतर, आणि ते लग्नच १८च्या आत झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ वर्षांआधी झालं होतं. बीड जिल्ह्यात हाच आकडा ४३.७ टक्के आहे, परभणीत ४८. राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या.

लग्न लवकर का होतं, तर त्यामागे रोकडा हिशेब आहे. उसाच्या फडात कोयता म्हणजे जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. म्हणून हंगाम तोंडावर आला की पोराच्या घरी लग्नाची घाई सुरू होते. मुलीच्या घरी वेगळी काळजी असते. आईबाप सहा महिने परमुलखात, पोरगी वयात आलेली, तिला ठेवायची कुणाकडे? फडावर न्यायची तर उसाच्या पाचटाच्या कोपीला धड दार नसतं. घरी ठेवायची तर म्हातारी आजी तिच्यामागं कुठवर धावणार? 'पळून गेली तर?' ही भीती वस्तीवर रोज बोलली जाते. त्यात मुलगी लहान असली की हुंडाही कमी.

या आयांना अडाणी समजून बोलायला सुरुवात केलीत तर काम तिथंच संपलं. त्यातली प्रत्येक जण स्वतः पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोपीत नांदायला गेलेली असते आणि पोरीच्या वाट्याला ते येऊ नये असं तिला तुमच्याहून जास्त वाटत असतं. तिच्यापुढे दुसरी वाट नसते. म्हणून शरीराची माहिती, पाळीची माहिती, गर्भनिरोधनाची माहिती हे सगळं शिकवायचंच, पण त्याच्या जोडीनं मुलगी हंगामात राहणार कुठे, जेवणार कुठे, शाळेत जाणार कशी, याची सोय लागली पाहिजे. नुसती माहिती घेतलेली कितीतरी हुशार मुलगी मी मांडवात उभी राहिलेली पाहिली आहे.

जूनमध्ये एक वही घाला

पहिले तीन आठवडे काहीही शिकवू नका. घरोघर फिरा. सोबत गावच्या आशाताई हव्यातच, कारण कोणत्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं. दहा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुलामुलीचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, गेल्या हंगामात कुठे होते, या हंगामात आईबाप जाणार का आणि गेले तर मूल कुणाजवळ राहणार, एवढंच वहीत लिहा. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून किंवा जन्मदाखल्यावरून घ्या. आधारवरच्या तारखेवर विसंबू नका, ती वाढवून घेतल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

कुणाची पाळी चुकली, कुणाचं कुणाशी जमलंय, असलं काहीही या वहीत लिहायचं नाही. वही हरवते, कुणीतरी चाळतं, आणि एका ओळीनं मुलीचं आयुष्य बदलून जातं.

याच दिवसांत चार माणसांना भेटून या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातल्या सिस्टर, शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक. आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक कोणत्या वारी असतं आणि तिथल्या समुपदेशक कोण, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. फलक असतो पण खोलीला कुलूप असतं, असंही होतं. मुलीला पाठवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा त्या दारातून आत गेलेले असलं पाहिजे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४मध्ये सुरू झाला. तो तुमच्या तालुक्यात चालू असेल तर प्रत्येक आशाताईमागे दोन मुली आणि दोन मुलं अशी समवयस्क शिक्षक म्हणून निवडलेली असतात. ती कोण आहेत ते शोधा. कागदावर नावं असतील आणि त्या मुलांना स्वतःलाच माहीत नसेल, तर तुम्ही त्यांना कामाला लावा.

आज्यांची बैठक पहिली

नवे कार्यकर्ते आयांची परवानगी घेतात आणि आज्यांना विसरतात. हंगामात घर चालवते ती आजी. सहा महिने पोरीची पालक तीच, आणि 'मला आता झेपत नाही, हिचे हात पिवळे करून टाका' हे वाक्यही तिच्याच तोंडून निघतं. म्हणून मी पहिली बैठक आज्यांची घेते, दुपारी, देवळाच्या पारावर किंवा कुणाच्या ओसरीत.

तिथं भाषण नको. त्यांनाच विचारा: तुमचं पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी झालं? कसं झालं? एकीनं सुरुवात केली की बाकीच्या थांबत नाहीत. कुणाचं पहिलं मूल दगावलेलं असतं, कुणी दोन दिवस अडलेली असते, कुणाची बहीण बाळंतपणात गेलेली असते. कोवळ्या वयात रक्तदाब वाढून झटके का येतात, अंगात रक्त कमी असलं की बाळ कमी वजनाचं का जन्मतं, कमरेची हाडं नीट भरलेली नसली की बाळ का अडतं, हे त्यांच्याच गोष्टींना जोडून सांगता येतं. त्यानंतर 'पोरींना हे कळावं म्हणून आठवड्यातून दोनदा एक तास पाठवाल का?' असं विचारलं तर नाही म्हणणारी आजी मला क्वचितच भेटली.

वर्गाला लैंगिक शिक्षण हे नाव देऊ नका. लपवायचं म्हणून नव्हे, तर तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहतं. २००७मध्ये महाराष्ट्रात शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अशाच गदारोळात अडकला होता. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आपल्या कार्यक्रमाला 'तारुण्यभान' हे किती नेमकं नाव दिलं. तुम्हीही वस्तीच्या तोंडी बसेल असं नाव शोधा, आणि आत काय शिकवणार ते आया-आज्यांना आधीच सगळं सांगा, चित्रंही दाखवा. नंतर कळलं तर विश्वास जातो.

शिकवणार कोण, आणि कधी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेनं नव्वदीच्या अखेरीस एक प्रयोग केला. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केलं आणि त्यांच्याकडून अविवाहित मुलींचे जीवनकौशल्यांचे वर्ग वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास चालवले. आईवडिलांनाही सोबत घेतलं. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मधलं वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष म्हणजे किती थोडं, असं वाटेल. पण सोळाव्या वर्षी मुलगी दहावीत असते, सतराव्या वर्षी अकरावीत. आपल्याकडे दहावीचा निकाल हातात आलेल्या मुलीशी घरातले लोक वेगळं बोलतात.

यातून उचलायचं ते हे की शिकवणारी बाई गावातलीच असावी. तुम्ही बाहेरचे असाल तर तुमचं काम तिला तयार करण्याचं. वेळ मुलींना विचारून ठरवा. पाणी भरणं, भाकरी थापणं, धाकट्याला सांभाळणं यातून मोकळी होते ती वेळ वस्तीगणिक वेगळी असते. लहान भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका, त्या पोराला एक खडू द्या.

वर्गात काय घ्यायचं

दहा ते तेरा आणि चौदा ते एकोणीस असे दोन गट वेगळे बसवा. सुरुवात शरीरापासून. जमिनीवर खडूनं एका मुलीची बाह्यरेषा काढून घ्या आणि माहीत असलेल्या अवयवांना नावं द्यायला सांगा. छातीपर्यंत सगळ्या बोलतात, कमरेखाली आल्या की हसू आणि मग गप्प. तिथं तुम्ही शांतपणे योनी, गर्भाशय, बीजकोश हे शब्द उच्चारा आणि वस्तीतला शब्दही जोडा, म्हणजे गर्भाशयाला 'पिशवी'. शब्द तुमच्या तोंडून सहज आले की दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याही तोंडून येतात.

पाळीवर घाई करू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. पाळीचं रक्त घाण नसतं, दर महिन्याला तयार झालेलं गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं एवढंच. कापड वापरत असतील तर ते साबणानं धुऊन उन्हात वाळवायचं. कोपऱ्यात, कपड्यांखाली लपवून वाळवलेलं कापड ओलं राहतं आणि त्रास देतं. अंगावरून थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं, पण वास, खाज किंवा दह्यासारखं जात असेल तर सिस्टरना दाखवायचं. आणि शाळेत-अंगणवाडीत आठवड्याला एक मिळणारी लोहाची निळी गोळी खरंच गिळली जाते का ते पाहा. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं म्हणून मुली ती टाकून देतात. जेवणानंतर द्या, चहासोबत देऊ नका, लिंबू पिळलेल्या डाळीसोबत उत्तम.

मग गर्भ कसा राहतो. इथं गोलगोल बोलाल तर मुली फोनवरून भलतंसलतं शिकतील. पुरुषाचं लिंग योनीत जाऊन वीर्य आत पडलं, किंवा योनीच्या तोंडाशी पडलं, तर त्यातलं शुक्रबीज बीजाला गाठू शकतं. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं आणि एखादा दिवसच टिकतं. शुक्रबीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. कोवळ्या वयात पाळी मागेपुढे होते, त्यामुळे 'सुरक्षित दिवस' मोजणं मुलींना भरवशाचं नाही.

ऐकायला येणारे समज ठरलेले असतात. पहिल्या वेळी राहत नाही: राहतं. लगेच धुतलं की राहत नाही: राहतं. पाळी अजून आलीच नसेल तर राहत नाही: पहिली पाळी येण्याआधी बीज सुटतं, त्यामुळे राहू शकतं. पपई खाल्ली की पडतं: पडत नाही. लहान गटात 'मुलानं हात धरला तर राहतं का?' असा प्रश्न घाबऱ्या आवाजात येतो. त्यावर हसायचं नाही. बिचारी किती दिवस ती भीती उराशी घेऊन बसलेली असेल.

प्रश्नांसाठी रंगाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेला, पुरेसा होतो. मात्र सगळ्यांना चिठ्ठी टाकायला लावा. प्रश्न नसेल तर 'काही नाही' लिहायचं. नाहीतर लिहिणारी एकटी दिसते आणि डबा रिकामाच राहतो. लिहिता न येणाऱ्यांनी 'एका मुलीला असं झालं तर' असं तोंडी विचारायचं.

'नाही' म्हणण्याचा सराव करून घ्या. शब्दशः, उभं राहून, मोठ्यानं. दुकानदारानं हात दाबला, चुलत्यानं मांडीवर बसवलं, ओळखीच्या मुलानं फोटो मागितला. मग काय करायचं, कुणाला सांगायचं, पहिल्या माणसानं ऐकलं नाही तर दुसरं कोण? प्रत्येक मुलीनं अशी तीन माणसं मनाशी ठरवून ठेवायची. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आणि ११२ पाठ हवेत. जिला ऐकू येत नाही किंवा जिची समज कमी आहे, अशी मुलगी वस्तीत असेल तर तिला घरी जाऊन शिकवा. तिला कुणी वर्गाला पाठवत नाही आणि धोका तिलाच जास्त असतो.

मुलांचा वर्ग टाळू नका

मुलांसाठी माणूस मिळत नाही म्हणून त्यांचा वर्ग राहून जातो. ही मोठी चूक आहे. एखादे तरुण शिक्षक, आरोग्य सेवक किंवा शेजारच्या गावातला समजूतदार पोरगा शोधा. मुलांच्या चिठ्ठ्यांत धात जाणं, स्वप्नात वीर्य जाणं, हस्तमैथुनानं अंगातली ताकद जाते का, हेच प्रश्न अर्ध्याहून जास्त येतात. यानं ताकद जात नाही, आजार होत नाही, हे एकदा स्पष्ट सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते पुढचं ऐकायला तयार होतात. गल्लीतल्या 'गुप्तरोग' वाल्या डॉक्टरांना शेकडो रुपये देणारी मुलं मी पाहिली आहेत. एखाद्याला मुलांविषयीच ओढ वाटत असते. तोही आजार नाही, हे त्याच वर्गात सांगून ठेवा, म्हणजे त्याला वेगळं विचारावं लागणार नाही.

मोबाइलवर दिसतं ते खरं आयुष्य नाही, समोरच्या मुलीची इच्छा नसेल तर थांबायचं, लग्नाची बायको असली तरी थांबायचं. आणि कायद्यानं मुलाचं लग्नाचं वय २१ आहे, हे कोयता बनवायला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या तोंडावर सांगायला हवं. मुलगी १८च्या आतली असेल तर तिची संमती कायदा मानत नाही. दोघं राजीखुशीनं पळून गेली तरी मुलावर पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल होतो. हे भीती घालायला सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

पोटात काय ठेवता येतं आणि काय नाही

पहिल्याच वर्गात मुलामुलींना हे सांगून टाका: 'तुम्ही बोललेलं मी चारचौघांत बोलणार नाही. पण कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली, तुमच्या जिवाला धोका असला, किंवा १८च्या आतल्या कुणाशी शरीरसंबंध आल्याचं मला कळलं, तर कायद्यानं मला ते कळवावं लागतं.' २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ही जबाबदारी प्रत्येकावर आहे. 'मला काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही' असा शब्द देऊन नंतर तो मोडणं, हा त्या मुलीवर दुसरा आघात असतो. म्हणूनच 'एका मुलीला असं झालं तर' ही पद्धत कामाची. उत्तर सगळ्यांना मिळतं, नाव कुणाचंच पुढे येत नाही.

एखाद्या मुलीवर अत्याचार झाला असेल तर पहिलं काम दवाखाना. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हा वेळ गावकीच्या बैठकीत घालवू देऊ नका.

पाळी चुकलेली मुलगी तुमच्यापर्यंत आली, तर आशाताईंकडे गर्भचाचणीचं निश्चय किट असतं. सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी घ्यावी. गर्भ असेल आणि तो नको असेल, तर मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. २०२१च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलीला दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. १८च्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. नाव उघड होईल या भीतीनं लोक मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि मुलगी रक्तस्रावानं मरणाच्या दारात जाते. त्यांना सांगा की सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे: अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख उघड करावी लागत नाही. हे काही डॉक्टरांनाही माहीत नसतं, म्हणून तुम्हाला माहीत हवं.

दसऱ्याआधीची यादी

पितृपंधरवड्यात वही पुन्हा उघडा. आता प्रत्येक मुलीपुढे एकच गोष्ट ठरवायची: हंगामात ही कुठे राहणार? गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर करून घ्यायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुलांची यादी वेळेत जावी लागते. मुख्याध्यापकांच्या मागं लागा. पण हंगामी वसतिगृह सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी असतं. नववी-दहावीची मुलगी तिथून सुटते, आणि नेमक्या त्याच वयात तिची सुपारी फुटते. तिच्यासाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय किंवा समाजकल्याणचं वसतिगृह यांपैकी कुठे जागा आहे ते ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. तेही नसेल तर दोन-तीन मुलींना एका भरवशाच्या आजीकडे एकत्र ठेवायचं, आशाताईंनी आठवड्याला चक्कर मारायची, असं घरच्यांशी बोलून ठरवता येतं. शाळा लांब असेल तर एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच्या मुलींना मिळतो. तो ट्रक निघायच्या आधी तिच्या हातात असावा.

लग्न ठरल्याचं कळलं तर

मुली स्वतः येऊन सांगतात, बहुतेकदा मैत्रिणीविषयी. बस्ता बांधायच्या आधी कळलं तर आधी घरी जा, आशाताईंना आणि घरात ज्याचा शब्द चालतो अशा माणसाला घेऊन. वसतिगृहाची सोय हातात घेऊन जा, नुसता कायदा घेऊन जाऊ नका. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भटजी, मंडपवाला, वऱ्हाडीही त्यात येतात. घरचे ऐकत नसतील तर ग्रामसेवकांना लेखी कळवा आणि १०९८ ला फोन करा. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम आणता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं.

लग्न थांबलं, हमीपत्र लिहून घेतलं, पोलीस गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात धोक्याचे. पाहुण्यांच्या गावी नेऊन रात्रीत अक्षता टाकल्या जातात. दिवसाआड त्या घरी चहाला जा. मुलीला घरात टोमणे, मार बसत असेल तर बालकल्याण समितीकडे तिच्या राहण्याची सोय मागा.

लग्न झालेल्या मुलींना सोडू नका

आपल्याकडे लग्न झालं की मुलगी किशोरी गटाच्या यादीतून खोडली जाते. माझं म्हणणं उलट आहे. तिला आता तुमची जास्त गरज आहे. १८ पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत तिला ते लग्न रद्द करून मागता येतं, हे तिला माहीत हवं. नांदायचंच असेल तर पाळणा लांबवण्याची माहिती हवी, आणि ती नवऱ्याला व सासूलाही हवी. 'गोळ्या खाल्ल्या तर पुढं मूल होत नाही' ही सासूची खरी भीती असते.

निरोध सोपा, आणि लिंगसांसर्गिक आजारांपासून वाचवणारं साधन तेवढंच. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी रोज घ्यायची, विसरून चालत नाही. 'छाया' ही संप्रेरकं नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. हिनं पाळी पुढे जाऊ शकते, ते आधी सांगितलं नाही तर घरात घबराट उडते. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात-दहा महिने लागू शकतात, हे नव्या जोडप्याला लपवू नका. तांबी काढली की लगेच राहू शकतं. कोणतं साधन हे सिस्टर किंवा डॉक्टर तपासून ठरवतील. तुम्ही स्वतः गोळ्या वाटू नका.

१८च्या आतली मुलगी गरोदर असेल तर घरचे गुन्हा दाखल होईल म्हणून दवाखान्यातच नेत नाहीत. बाळंतपण घरी किंवा कोपीत होतं. कायद्याचं जे व्हायचं ते होईल, पण तिची तपासणी, रक्त, रक्तदाब आणि दवाखान्यातलं बाळंतपण कुणाच्याही भांडणात थांबता कामा नये. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये तुमच्यासमोर साठवून घ्या.

ट्रक निघाल्यावर

जाणाऱ्या प्रत्येक किशोरीसोबत एक पिशवी द्या: हंगामभर पुरतील एवढे पॅड किंवा सुती कापड, लोहाच्या गोळ्या, साबण, एका चिठ्ठीवर १०९८, आरोग्य सल्ल्याचा १०४, १०८ आणि तुमचा क्रमांक. गरोदर असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकमध्ये घालून. कोल्हापूर-सांगलीकडे कोणत्या कारखान्यावर टोळी उतरली ते मुकादमाकडून कळतं. तिथल्या आशाताईंचा क्रमांक आपल्या आरोग्य केंद्रातून मिळवून आधीच बोलून ठेवा. दर रविवारी संध्याकाळी, फड आटोपल्यावर, पाच मिनिटांचा फोन. मुलगी फोनवर मोकळं बोलू शकत नाही, म्हणून वर्गातच एक साधा शब्द ठरवून ठेवा, 'बाई, माझी वही राहिली' असा काहीतरी. तो कानावर पडला की तिथल्या आशाताईंना लगेच पाठवायचं.

गावात मागे राहिलेल्या मुलींचा वर्ग चालूच ठेवा, आज्यांसह. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दोन आठवडे गाव सोडू नका.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली की नववी आणि दहावीचं हजेरीपत्रक मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. जे नाव वहीत आहे पण हजेरीत नाही, त्या घरी त्याच दिवशी जा.